दुखऱ्या मनगटाचा दोष कोणाचा?

मनगट दुखते म्हटले की आजकाल लगेच संगणकाचे नाव निघते. शहरातला कोणी कचेरीत दिवसभर कळफलक बडवतो, कोणी मोबाइलवर अंगठा फिरवत बसतो, आणि मग हात दुखतो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. हे चित्र खोटे नाही. पण ते फार अपुरे आहे. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना डिंगोरे हे गाव लागते. तिथल्या किंवा जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या कोणत्याही गावच्या शेताच्या बांधावर कांद्याच्या दिवसांत तासभर उभे राहा. एका हाताने खुरपे चालवणाऱ्या, विळ्याने कांद्याची पात कापणाऱ्या, टोमॅटो तोडणाऱ्या बायकांची मनगटे कोणत्याही टंकलेखकाच्या मनगटापेक्षा कमी वेळा हलत नाहीत. जोर मात्र कितीतरी अधिक लागतो. तरीही हा आजार त्यांचा आहे असे कोणी म्हणत नाही. त्या स्वतःही म्हणत नाहीत. 'हात भरून आलेत' एवढेच म्हणून त्या संध्याकाळी भाकरी थापायला बसतात.

या लेखात मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने मनगट दुखू लागते, तेव्हा दोष त्या माणसाच्या नाजूकपणाचा नसतो. बहुधा तो कामाच्या पद्धतीचा, अवजाराचा आणि विश्रांती न मिळण्याचा असतो. म्हणून उपायही आधी तिथेच शोधला पाहिजे. हे पटण्यासाठी मनगटाची रचना थोडी समजून घेऊ.

एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताने उजव्या हाताची पोटरी, म्हणजे कोपराखालचा जाड भाग, हलकेच धरा आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून हलवा. बोटे हलतात पुढे, पण वळवळ जाणवते मागे! याचे कारण असे की बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच. तळहातात काही लहान स्नायू आहेत, परंतु बोटांना जोर देणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांचा जोर बोटांपर्यंत पोचवतात त्या कंडरा. या पांढऱ्या, चिवट दोऱ्या असतात. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. मूठ दाबता ती हँडलपाशी, पण रबर घासते चाकाला. मध्ये जोर वाहून नेते ती तार. कंडरेचे कामही तसेच आहे. ब्रेकची तार जशी नळीतून जाते तशी मनगटापाशी कंडराही एका गुळगुळीत आवरणातून सरकते. त्या आवरणात वंगणासारखा थोडा द्रव असतो.

आता मनगटाचा आतला भाग पाहू. मनगटात लहान लहान आठ हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. त्यांची मिळून एक पन्हळ तयार होते आणि तिच्यावर तळहाताच्या बाजूने एक आडवा, चिवट पट्टा ताणलेला असतो. असा हा चिंचोळा बोगदा होतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच सोबतीने एक महत्त्वाची चेता जाते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि करंगळीजवळच्या बोटाची अर्धी बाजू यांना स्पर्श कळतो तो या चेतेमुळे. बोगद्याच्या भिंती हाडांच्या आणि छप्पर चिवट पट्ट्याचे. आत थोडी जरी सूज आली तरी जागा वाढणार कशी? कंडरा दाब सहन करतात, चेता करत नाही. मग बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते, हातातली वस्तू निसटते.

मनगट वाकवण्याने या बोगद्यात काय होते, हेही मोजले गेले आहे. १९८१ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी माणसाचे मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर इतका भरला. तेच मनगट पूर्ण खाली किंवा वर वाकवल्यावर तो सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत चढला. म्हणजे केवळ वाकवण्याने दाब दहापटींहून अधिक वाढला! ज्यांना आधीच मुंग्यांचा त्रास होता त्यांच्या मनगटात तर तो मनगट सरळ असतानाच ३० च्या घरात होता.

या उपकरणांवाचून तुम्हालाही एक गोष्ट अनुभवता येईल. कागदाचा बोळा मुठीत घट्ट धरा आणि मित्राला तो ओढायला सांगा. मनगट सरळ असेल तर त्याला बरीच खटपट करावी लागेल. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि पुन्हा तेच करा. बोळा चटकन निघून जाईल. वाकवलेल्या मनगटाची पकड ढिली पडते. तीच पकड टिकवायची तर स्नायूंना जास्त ओढावे लागते, आणि कंडरा वळणावर जास्त घासतात. खाली बसून आखूड मुठीच्या खुरप्याने तण काढताना मनगट नेमके असेच वाकलेले असते.

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला आणखी एक अरुंद खाच आहे. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा तिच्यातून जातात. त्यांचे आवरण जाड झाले म्हणजे अंगठा हलवताना कळ येते. फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. परंतु त्याचे जुने इंग्रजी लोकनाम अधिक बोलके आहे: 'धोबिणीची लचक'. ओले कपडे पिळणाऱ्या हातांना तो होई. आज तो तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा उचलणाऱ्या आईला होतो. अंगठा आत मोडून धार काढणाऱ्याच्या अंगठ्यावरही असाच ताण येतो.

आता तुम्ही विचाराल, हालचाल करणे तर शरीराला चांगले. मग तीच हालचाल घातक कशी ठरते? प्रश्न रास्त आहे. व्यायामाने स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत. कामाने पेशींची बारीक झीज होते, विश्रांतीत तिची भरपाई होते. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते लवकर सावरतात. कंडरांना तो कमी असतो, त्यामुळे त्यांची दुरुस्ती संथ चालते. झीज रोज दहा पैशांची आणि भरपाई आठ पैशांची असेल, तर दोन पैशांची उधारी रोज साठत जाते. एका दिवसात काहीच कळत नाही. हंगामाच्या अखेरीस मात्र हात तक्रार करू लागतो. पुष्कळ दिवस दुखणाऱ्या कंडरा तपासल्या असता त्यांत नुसती सूज नव्हे, तर तंतूंची विसकटलेली रचना दिसते. म्हणूनच केवळ वेदनाशामक गोळीने हा प्रश्न सुटत नाही. गोळी वेदना झाकते. उधारी चालूच राहते.

थोडे गणित करू. समजा, खुरपणी करताना मनगट मिनिटाला ३० वेळा हलते. तासाला १,८०० वेळा झाले. दिवसाचे सहा तास धरले तर १०,८०० वेळा. कांद्याच्या पट्ट्यात असे काम पंधरा दिवस चालले तर आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. ३० हा आकडा मी धरलेला आहे. खरा आकडा तुम्ही स्वतः घड्याळ लावून मोजा. तो कदाचित अधिकच निघेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. "पूर्वीच्या बायका हेच करीत नव्हत्या का? त्यांना कुठे असले आजार होते?" याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले, त्यांना होत नव्हते असे म्हणायला आपल्यापाशी पुरावा काय? कोणी विचारले नाही आणि कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून ते नव्हते असे ठरत नाही. दुसरे, कामच बदलले आहे. घाटाकडच्या भागात भाताची आवणी काही दिवसांत उरकते; मग वेगळे काम, वेगळी हालचाल. कांदा आणि टोमॅटो यांसारख्या बाजाराच्या पिकांत मात्र लावणी, खुरपणी, तोडणी, निवड अशी बोटांची कामे सलग आठवडेच्या आठवडे चालतात. ओतूरच्या कांदा बाजाराला किंवा नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला माल वेळेवर पोचायचा असतो, म्हणून घाई. त्यातून काम उक्ते घेतलेले असेल तर थांबणे म्हणजे पैसे बुडवणे. जी विश्रांती कंडरेला हवी असते, नेमकी तीच इथे महाग पडते.

हा अनुभव नवा नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याची वाढवलेली आवृत्ती १७१३ साली निघाली आणि तिच्यात लेखनिकांच्या आजारांची भर पडली. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण, अशी तीन कारणे त्याने सांगितली. आपल्या जुन्नरला त्याच शतकात हाती कागद बनत असे. त्या कागदावर बोरूने मोडी लिहिणारे कारकूनही दिवसभर बैठ्या मेजाशी वाकलेले असत. त्यांच्या मनगटांची हकीकत मात्र कोणा रामाझिनीने लिहिली नाही. रामाझिनीचे आणखी एक सांगणे फार मोलाचे आहे. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारायचे, त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस?

पुढे तारायंत्र आले. कळ दाबून दाबून तारमास्तरांचे हात आखडू लागले. अमेरिकेत त्याला 'काचेचा हात' म्हणत. ब्रिटनने १९०८ साली तारवाल्यांच्या या पेटक्याचा समावेश नुकसानभरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत केला. म्हणजे हा कामाने होणारा आजार आहे हे कायद्याने मानले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी घटना. न्यूयॉर्कच्या होरेस मार्टिन याने १९०४ साली एका नव्या कळीचे पेटंट घेतले. ही कळ वरखाली न दाबता आडवी हलवायची असे, आणि तिच्यातली कंप पावणारी पट्टी टिंबांची मालिका आपोआप उठवी. हालचालींची संख्याच कमी झाली! तारमास्तराला "हात घट्ट कर" असे न सांगता त्याचे अवजार सुधारले गेले. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हा धडा जुना झालेला नाही.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या शेतांचे. तिथे मजुरांना जेमतेम हातभर दांड्याची कुदळी देत. तिच्यामुळे दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे आणि पाठी कायमच्या अधू होत. लांब दांडा दिला तर पिकाची नासाडी होईल असे मळेवाले म्हणत. १९७५ साली ही आखूड कुदळी बंद करण्यात आली. शेती काही बुडाली नाही. आपल्याकडेही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'वैभव' विळा तयार केला. त्याला करवतीसारखे बारीक दाते असतात. साध्या विळ्याची धार गेली की हाताला जोर लावावा लागतो. दात्यांच्या विळ्याची धार पुष्कळ टिकते. वजनालाही तो हलका असतो.

इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीतर विज्ञानाशी अप्रामाणिकपणा होईल. मनगट दुखले की ते कामामुळेच, असे नेहमीच नसते. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे विकार, संधिवात, गरोदरपण यांतही बोगद्यातल्या चेतेवर दाब येऊ शकतो. मनाचाही वाटा असतो. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या काही वर्षांत कळफलकावर काम करणाऱ्यांमध्ये हातदुखीच्या तक्रारींची लाटच आली आणि काही वर्षांनी ती ओसरली. कळफलक तर इतर देशांतही तेच होते. तेव्हा कामाची घाई, नोकरीची धास्ती, आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ही भावना, यांनी वेदना वाढतात हे तिथे दिसून आले. काही जणांनी यावरून "हे सारे ढोंग आहे" असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. वेदना खरी असते. तिची कारणे एकाहून अधिक असतात, इतकाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घरापासून सुरुवात करू. दुखऱ्या हाताला पहिला उपाय म्हणजे जी हालचाल कळ आणते ती काही दिवस कमी करणे. हात पूर्ण जखडून ठेवणे नव्हे. हलकी, न दुखणारी हालचाल चालू ठेवावी. अर्ध्या तासाने मिनिटभर थांबून बोटे मोकळी करावीत. कामांची अदलाबदल करावी. सकाळी खुरपणी केलेल्या हाताने दुपारी पुन्हा पात कापू नये. तेव्हा दुसरे काम घ्यावे. खुरप्याची किंवा विळ्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. साधारण तीन ते चार सेंटिमीटर जाडीची, न घसरणारी मूठ धरायला सर्वांत कमी जोर लागतो. धार वेळच्या वेळी लावा. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा आधारपट्टा झोपताना वापरल्याने अनेकांना आराम पडतो, मात्र तो आवळून बांधू नये. आत आधीच दाब आहे, त्यात बाहेरून भर कशाला?

परंतु काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. बधिरपणा सतत राहू लागला, वस्तू हातातून पडू लागल्या, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, मनगट सुजून लाल झाले किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. पडल्यामुळे मनगट दुखत असेल तर ते चोळून घेऊ नका. आतले लहान हाड मोडलेले असू शकते आणि क्ष-किरण चित्राशिवाय ते कळत नाही. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी रामाझिनीच्या प्रश्नाचे उत्तर आपण होऊन द्या: "माझी आई दिवसाला इतके तास अमुक काम करते."

शेवटचे बोलणे शिक्षकांसाठी आहे, आणि ते थोडे कडू लागेल. अजूनही काही वर्गांत "ही ओळ शंभर वेळा लिहून आण" अशी शिक्षा दिली जाते. एका ओळीत २५ अक्षरे आणि एका अक्षराला तीन फटकारे धरले, तर शंभर ओळींत साडेसात हजार फटकारे होतात. एका शिक्षेने कोणाचे मनगट कायमचे अधू होणार नाही, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. अशी शिक्षा मुलांच्या मनावर हे बिंबवते की हाताचे दुखणे ही शिकण्याची किंमत आहे आणि ती निमूटपणे द्यायची असते. हाच धडा घेऊन मुलगी मोठी होते, आणि मग शेतात हात भरून आला तरी बोलत नाही. मुले परीक्षेत पेन इतके आवळून धरतात की बोटांची टोके पांढरी पडतात. त्यांना पेन सैल धरायला, मनगट सरळ ठेवायला, पानागणिक हात झटकायला शिकवणे हे शंभर ओळींपेक्षा अधिक मोलाचे शिक्षण आहे. लिहून होणारा सराव जरूर द्यावा. पण दहा वेळा समजून लिहिलेले शंभर वेळा न बघता लिहिलेल्यापेक्षा पक्के होते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक काम सुचवतो. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी मांडण्यापेक्षा यंदा हातांची नोंदवही मांडा. आपल्या घरात, शेतात, गोठ्यात कोणते काम कोण करते, मनगट मिनिटाला किती वेळा हलते, ते सरळ असते की वाकलेले, मूठ किती जाड आहे, मधे विश्रांती किती मिळते, आणि संध्याकाळी हात दुखतो का, हे पंधरा दिवस लिहा. नंतर मूठ जाड करून किंवा कामाची पाळी बदलून पुन्हा पंधरा दिवस लिहा. काय फरक पडला? पडला नसेल तर तेही प्रामाणिकपणे मांडा. कारखान्यातील कामगारांसाठी १९४८ साली कारखाना कायदा करण्यात आला. स्वतःच्या वावरात राबणाऱ्या आईसाठी विश्रांतीची वेळ ठरवून देणारे कोणी नाही. निदान तिचे काम मोजणारे कोणीतरी असावे. मोजमाप हाती आले म्हणजे लोहाराला मूठ कशी हवी ते सांगता येते, डॉक्टरांना दुखणे नीट सांगता येते, आणि घरच्यांना कामाची वाटणी बदला असे म्हणता येते.